हिरूबायचं अर्ध्या किलोचं माप

माझ्या पिठाच्या गिरणीच्या शटरला उजव्या अंगाला, बरोबर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक खोक आहे. पत्रा आत दबलाय आणि मधोमध फाटलाय. पावसाळ्यात तिथून पाणी झिरपतं आणि गव्हाच्या पोत्यांना ओल लागते. बायको दरवर्षी म्हणते, शटर बदला. मी दरवर्षी म्हणतो, बघू. टॉवरमधली नवी गिऱ्हाइकं दळण घ्यायला आली की विचारतात, "काका, टेम्पो धडकला का?" मी सांगतो, "टेम्पो नाही हो. हिरूबाय."

हिरूबायने त्या दिवशी पदराच्या टोकाला गाठ मारलेलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप गरगरा फिरवलं, ते दामू मुकादमाच्या डोक्यासाठी होतं. दामू वाकला. शटरला काही वाकता येत नाही, त्याने खाल्लं. दुसऱ्या वेळी दामूला वाकायला सवड मिळाली नाही. भुवई फुटली आणि रक्त उडालं ते थेट माझ्या उंबऱ्यावर ठेवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. डबा एका मास्तरीणबाईंचा होता. त्यांना मी नवी ज्वारी दळून दिली.

आमचं गाव उरण-पनवेलच्या पट्ट्यात कुठेतरी आहे. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतले एकदोन साहेब अजून नोकरीत आहेत. पूर्वी नुसतं गाव होतं. आता त्याला शहर म्हणतात. म्हणजे काय, तर भाताच्या खाचरांवर कंटेनरची यार्डं आली, मिठागरांवर रस्ते आले, वीसवीस मजल्यांच्या इमारती आल्या आणि त्या सगळ्यावर पालिका येऊन बसली. माझ्या गिरणीसमोर एक गल्ली आहे. आसपासच्या गावांतल्या दहा-अकरा बायका पहाटे भाजी तोडून, पाटी डोक्यावर घेऊन, तिथे येऊन बसायच्या. त्यांच्यात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खवट ही बाई.

उंचीला माझ्या खांद्याला लागायची, पण रुंदीने दार अडायचं. नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेली, पाय कायम अनवाणी. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. "यो माज्या न्हवऱ्यानं फोरला," असं कुणालाही सांगायची, आणि समोरचा हळहळायच्या आत पुढे म्हणायची, "त्याचे दोन परले." नवरा मिठागरावर कामाला होता. मिठागर गेलं, मग तो दारूवर होता, मग तोही गेला. जमीन बंदराच्या रस्त्यात गेली. गावामागे तळ्याच्या काठाला एक वाडी तेवढी उरली होती. त्यात लाल माठ, मुळा, पांढरी वांगी, शिराळी, कोहळे. पावसात डोंगराकडच्या रानभाज्या, शेवळं आणि टाकळा. पाटीच्या कोपऱ्यात ओल्या फडक्यात बांधलेल्या जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे. पहाटे तिच्या वाडीत असलेला माठ नऊच्या आत माझ्या बायकोच्या कढईत पडायचा. नाहीतर ती वाशीच्या घाऊक बाजारातून ट्रकने येणारी भाजी! गोणीत दोन दिवस गुदमरून येते, शिजवली तरी तिला झोपेतून उठवल्यासारखं वाटतं.

गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिला माहीतच नव्हतं. भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या बाईच्या हातावर ती फाटकन मारायची. "पोराचा अंगठा मोरून बगतेस काय घरान?" एकदा एका साहेबाने भाव पाडायला म्हटलं, मॉलमध्ये यापेक्षा स्वस्त आहे. तिने त्याची पिशवी उलटी करून त्याची भाजी परत काढून घेतली आणि वर पिशवी त्याच्या तोंडावर मारली. दुसऱ्या दिवशी साहेब परत आला. येणार नाही तर जाईल कुठे? पांढरं वांगं मॉलमध्ये मिळतं का?

आणि ते माप. तराजूत घालायलाही तेच आणि मारायलाही तेच. धंदा नसला की पदराच्या टोकाला बांधलेलं असायचं. कुत्री, दारुडे, पथकाची पोरं, सगळ्यांवर चालून चालून त्याच्या कडा उडाल्या होत्या. साहजिकच वजनाला ते कमी भरायला लागलं. म्हणून प्रत्येक अर्ध्या किलोवर ती वरून एक मूठ जास्त टाकायची. मी एकदा म्हटलं, नवीन माप घे की. तर म्हणाली, "ह्या लोकांच्या डोस्क्यावं झिजला. गिराइकानं कनाला भरायचा?"

तर पथक. पालिकेचं अतिक्रमण हटाव पथक, त्यांचा पिवळा टेम्पो. टेम्पो गल्लीत शिरला की पोरं उड्या टाकायची आणि पाट्या उचलून मागे भिरकवायची. पाटी सोडवायची तर दंड भरा, पावती फाडा, उद्या या. आता लाल माठाला उद्यापर्यंत थांबायला कोण सांगणार? पालिकेच्या आवारात मागच्या बाजूला त्या पाट्यांचा चिखल व्हायचा. एका पाटीमागे एका घराची चूल असते, हे टेम्पोतल्या पोरांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याही आया असल्याच पाट्या घेऊन वाढलेल्या.

हिरूबायने यावर कवायत बसवली. कवायतच म्हणतो मी. प्रत्येकीने पाटी न वापरता गोणपाट अंथरायचं, त्याच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, दोऱ्यांची टोकं एका गाठीत, गाठ मांडीखाली. टेम्पो दिसला की हिरूबाय ओरडायची, "गारी आयलीऽऽ!" की हिसका मारायचा, गोणपाटाचं गाठोडं व्हायचं, आणि सगळ्या माझ्या गिरणीत नाहीतर मागच्या बोळात. टेम्पो येईपर्यंत रस्ता साफ. मुळ्याचं पान पडलेलं चालायचं नाही. ज्या बाईचं पान पडायचं तिला संध्याकाळी मार.

मार म्हणजे खरा मार. बेबी नावाची एक तरणी बाई नवीन बसायला लागली होती. नवरा ट्रेलरखाली गेला होता, पदरात एक पोरगी. हिसक्यात जोर नसायचा, गाठोडं अर्धवटच वळायचं. हिरूबाय सकाळी धंद्याच्या आधी तिला माझ्या मागच्या अंगणात घेऊन बसायची आणि शेवग्याच्या शेंगेने तिच्या हातांवर वळ उठवायची. "वर! अजून वर! जल्ला, भाताची पेज खाल्लीस काय?" बेबी रडायची आणि ओढायची, रडायची आणि ओढायची. एकदा करंगळी दोरीत अडकून मोडली. ती अजून वाकडीच आहे. मी चिडून म्हटलं, हिरूबाय, माणूस आहे ती! तर माझ्यावरच उलटली. "तवा तिला तुजे गिरणीन ठेव. देतंस पगार? न्हाय ना? मंग पीठ दल."

आता दामू. दामू पथकाचा मुकादम, आणि हिरूबायच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याचीही जमीन रस्त्यात गेलेली. दहा लोकांच्या पाया पडून पालिकेत कंत्राटी नोकरी मिळाली, आणि काम काय, तर मावशीला उठवणं. दिवसा तो तिला उठवायचा आणि रात्री तिच्याच ओटीवर जेवायचा, कारण आई गेल्यापासून त्याला हिनेच वाढवलेलं. गल्लीच्या तोंडाशी आला की तो ड्रायव्हरला सांगून दोनदा हॉर्न मारायला लावायचा. हिरूबाय त्यावरूनही त्याला शिव्या घालायची. "दाम्या, हारन नको मारूस. तुजी नोकरी जाईल. माजे डोले काय फुटले हान?"

ज्या दिवशी शटरला खोक पडली त्या दिवशी टेम्पोत पुढे पालिकेचा नवा साहेब बसला होता. हॉर्न वाजला नाही. टेम्पो उलट बाजूने, बोळातून आला. हिरूबायने हाक दिली, बाकीच्या उठल्या, पण बेबीची दोरी पायरीच्या खिळ्यात अडकली. पथकातल्या एका आडदांड पोराने तिच्या गाठोड्यावर लाथ घातली. बेबी त्यावर पालथी पडली. पोराने तिच्या हातावर बूट ठेवला आणि दाबला. तिची किंकाळी गिरणीचा पट्टा चालू असतानाही मला ऐकू आली. दामू तिला केसांना धरून बाजूला ओढत होता. साहेब टेम्पोतून बघत होता ना! मग हिरूबाय आली आणि पुढचं मी सांगितलंच. सगळीकडे लाल. माठ कुठला आणि रक्त कुठलं, कळेना.

मी तिला नंतर विचारलं की बूट ठेवणारा पोरगा समोर होता, मग दामूला का मारलं? ती माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तशी बघत राहिली. "तो परका. यो माजा हाय ना."

साहेबाने दामूला बळजबरीने फिर्याद द्यायला लावली. सरकारी नोकराला ड्युटीवर मारहाण. पोलीस हिला घेऊन गेले, जामीन झाला. घरी आल्या आल्या तिने खाडीतल्या निवटी माशांचं कालवण केलं आणि सरकारी दवाखान्यात दामूसाठी डबा पाठवला. डबा घेऊन मीच गेलो होतो. निरोप असा होता: "खाल्ला न्हाय तं दुसरी भुवई फोरीन." दामूने डबा चाटूनपुसून खाल्ला. डोक्याला एवढी पट्टी, आणि रडत होता की तिखटाने डोळे गळत होते, देव जाणे.

पुढे केस तारखांवर तारखा खात पडून राहिली. गल्लीही चालू राहिली. मधे पालिकेने बायकांसाठी मंडई बांधली. चांगली फरशी, नळ, दिवे. पण पहिल्या मजल्यावर! खालचे गाळे मोबाइलवाल्यांना. आता मला सांगा, गुडघे धरून चालणारी म्हातारी मुळ्याच्या एका जुडीसाठी जिना चढेल? बायका आठवडाभर वर बसल्या, माश्या मारल्या आणि परत गल्लीत आल्या. हिरूबायने येताना जिन्याच्या नव्या कोऱ्या लोखंडी फाटकाची कडी मापाने तोडली. म्हणाली, आठवण.

आणि तो महोत्सव! मैदानावर पालिकेने सेंद्रिय भाजीचा महोत्सव भरवला. स्थानिक शेतकरी, ताजं अन्न, सगळीकडे फलक. आणि पाहुण्यांच्या गाड्या जायला रस्ता हवा म्हणून सकाळी पथकाने गल्ली साफ केली. त्यात हिरूबायचे कोहळे आणि वांगी गेली. दुपारी ती मैदानावरून चालली होती, तर व्यासपीठावर समईच्या बाजूला सजावटीला तिचा कोहळा. देठाला नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा तसाच. प्रमुख पाहुणे आपल्या मातीतल्या भाजीवर बोलत होते. ही सरळ वर चढली, कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर आपटला. नवा साहेब तिथेच बसला होता. बिया त्याच्या मिशीत गेल्या. मग तिने सजावटीतली आपली वांगी वेचून ओच्यात भरली आणि उतरून आली. त्या प्रकरणात केस झाली नाही. केली असती तर कोहळा कुठून आणला ते लिहावं लागलं असतं.

एवढं सगळं झाल्यावर सरकारने खरोखर एक शहाणपणाचा कायदा आणला होता, तो आमच्या इथे पोचला. मी पेपरात वाचला होता. जी बाई जिथे बसते तिथे तिची नोंद करायची, तिला प्रमाणपत्र द्यायचं, गळ्यात कार्ड, आणि मग तिला कुणी उठवायचं नाही. बास. आणखी काय पाहिजे होतं त्या बायकांना? पण हे आमच्या पालिकेच्या हातात पडलं. नोटीस लावली ती ऑफिसच्या आत, जिथे या बायका फक्त दंड भरायला जातात आणि मान खाली घालून परत येतात. आणि सर्वेक्षणाला माणसं पाठवली ती कशातून? दुसरी गाडी मोकळी नव्हती म्हणून पथकाच्या पिवळ्या टेम्पोतून!

दामू त्या दिवशी रजेवर होता. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी दिसला. "गारी आयलीऽऽ!"

काय तो हिसका! कवायतीचं असं फळ मी कधी बघितलं नव्हतं. सर्वेक्षणाची माणसं खाली उतरेपर्यंत गल्ली धुतल्यासारखी. माझ्या गिरणीत पोत्यांमागे सगळ्या बायका दाटीवाटीने बसलेल्या, बेबीचंही गाठोडं या खेपेला सगळ्यांच्या आधी आत. एक चिंबोरी सुटून लादीवर तुरुतुरु चालली होती आणि ती विकणारी ताराबाय तोंडात पदर कोंबून हसत होती. बाहेर एक कोवळी पोरगी हातात फोन घेऊन इकडेतिकडे बघत उभी. मलाही वाटलं, पथकाचीच नवी युक्ती.

पोरगी हिरूबायजवळ आली. "आजी, इथे भाजीवाल्या बसतात ना?"

"कोन बोलला?"

"ऑफिसमध्ये सांगितलं."

"खोटा सांगला." पदराच्या टोकाला माप हळूहळू झुलत होतं, आणि पोरीचे डोळे त्या मापावरच. "हितं कोन बसत न्हाय. कवाच न्हाय बसला. जा, पोरी."

पोरीने रिकाम्या गल्लीचे फोटो काढले, फोनमध्ये काहीतरी भरलं आणि आभार मानून गेली. आत बायकांनी हिरूबायला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

महिन्याभरात गल्लीच्या तोंडाला फलक लागला. या गल्लीत एकही विक्रेता आढळला नाही, सबब इथे विक्रीला कायमची बंदी. तिकडे मोठ्या नाक्यावर वाशीचा माल विकणाऱ्या हातगाडीवाल्यांच्या गळ्यात कार्डं आली. ते पळाले नव्हते, त्यांना पळायला कुणी शिकवलं नव्हतं. दामूने येऊन सांगितलं, "मावशे, ती गारी सर्वेची होती गो." गल्लीच्या तोंडाशी आता दोन सुरक्षारक्षक काठ्या घेऊन उभे राहिले. ताराबाय जबरदस्तीने आत शिरायला गेली तर तिच्या घोट्यावर काठी बसली आणि हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका माझ्या दारात जमल्या. बेबी पुढे झाली. "तुज्या तोंडानं सांगलास ना? कोन बसत न्हाय म्हून?"

हिरूबायने पदराची गाठ सोडली. माप माझ्या पायरीवर ठेवलं. आणि पायरीखाली, बेबीच्याच जागेवर, मांडी घालून बसली.

मग त्यांनी तिला मारलं. चपलांनी, बुक्क्यांनी, पाटीच्या चुंबळीने. बेबी वाकड्या करंगळीच्या हाताने तिच्या तोंडावर मारत होती आणि प्रत्येक फटक्याला विचारत होती, "माज्या पोरीला काय घालू? काय घालू?" आयुष्यभर जिने कुणाचा शब्द ऐकून घेतला नाही ती बाई हात खाली ठेवून बसून होती. ओठातून रक्त गळत होतं. मला बघवेना. मी मधे पडलो तर तिनेच मला ढकललं. "गिरणीवाल्या, तू पीठ दल." मी आत गेलो आणि गिरणी चालू केली. जात्यात दाणे पण घातले नव्हते.

मारून थकल्या तशा त्या गेल्या. माप पायरीवरच राहिलं होतं. जाताना बेबीने ते उचलून नेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत केसची तारीख आली. साक्षीदार म्हणून मलाही बोलावणं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारने दिलेला वकील हिरूबायला बघून खुशीत आला. "बाय, तुम्ही सुटलात! पालिकेचं स्वतःचं सर्वेक्षण म्हणतं की त्या गल्लीत कुणी विक्रेता बसतच नाही. मग पथक तिथे गेलं कशाला आणि तुम्ही तिथे होतात कशाला? फिर्यादच खोटी ठरते. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा."

तिने त्याला दोनदा विचारलं. "म्हंजे कोन बसत न्हाय, असा कोरटान पण लिवनार?"

"हो! तेच तर आपल्याला हवंय."

आत पुकारा झाला. वकील बोलायला उठला, आणि ही पिंजऱ्यात ओरडली, "साहेब, मारला! मीच मारला. मापानं मारला."

वकिलाने पुढे होऊन तिचा पदर ओढला. तिने कोपर मागे घेऊन त्याच्या बरगडीत असं हाणलं की तो कागदांसकट बाकावर बसला. जज्जसाहेबांनी चष्मा काढला. त्यांनी तिला समजावलं की असं बोलल्याने शिक्षा होईल. ती म्हणाली, मना माहीत हाय. त्यांनी विचारलं, का मारलं?

"बेबीची भाजी लाथारली."

"बेबी कोण?"

"बेबी गिरणीच्या पायरीखाली बसतं. लाल माठ, मुला. तिच्या बाजूला ताराबाय, वालाच्या शेंगा न् चिंबोऱ्या. मंग पारू, शिराली. मंग धाकलीबाय..."

"एवढी नावं कशाला सांगताय?"

"लिवा साहेब. तुमी लिवल्याबिगर ती बसत न्हाय त्या गल्लीन." ती पिंजऱ्याच्या कठड्याला धरून पुढे वाकली. डोळ्याखाली बायकांच्या माराचा काळा डाग होता. "मी खोटा बोलले. माज्या तोंडानं सगल्यांना पुसून टाकला. मना काय ती शिक्षा द्या. पन लिवा."

आणि तिने एकेक नाव, एकेक भाजी, एकेक जागा सांगितली. आपलं नाव सांगितलं नाही. सगळ्या कोर्टाने ऐकलं. मग जज्जसाहेबांनी दामूला विचारलं, हे खरं आहे का? पालिकेचे साहेब मागच्या बाकावर बसलेले. दामूची भुवई वाकडी जुळलेली, तिच्यावर घाम.

"बसतात साहेब," दामू म्हणाला. "माजी आय पन थय बसायची. मीच उठवतो रोज."

हिरूबायला तुरुंगाची शिक्षा झाली. पोलिसांच्या गाडीत चढताना ती दामूला वाडीबद्दल एवढंच म्हणाली, "वारीला पानी घाल." दामूला पथकावरून काढून कचऱ्याच्या गाडीवर टाकलं. पण निकालात बायकांची नावं आली होती, जागा आल्या होत्या. त्याच वकिलाने, बरगडी चोळत का होईना, तो निकाल पालिकेपुढे ठेवला. फेरसर्वेक्षण लागलं. यावेळी दामूने आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितलं, टेम्पो आला तरी कुणी हलायचं नाही. तीच पोरगी आली. प्रत्येकीचा फोटो काढला. शेवटी तिने विचारलं, "त्या आजी कुठे आहेत?" "ती आत हाय," ताराबाय म्हणाली. बायका आपापल्या भाजीकडे बघत राहिल्या. जागेवर बसलेली नाही तिची नोंद नाही, असा नियम होता.

गल्लीतला फलक निघाला. रक्षक गेले. बायकांच्या गळ्यात कार्डं आली. बेबी अर्ध्या किलोला तेच उडालेलं माप वापरते आणि वरून एक मूठ टाकते. मला नवल वाटतं, आमच्या टॉवरवाल्यांना आज जी ताजी भाजी मिळते ती एका मारकुट्या बाईच्या कबुलीवर मिळते, आणि हे त्यांच्या गावीही नाही.

हिरूबाय सुटून आली ती अशाच एका सकाळी. अंगाने अर्धी झालेली. डोक्यावर गोणपाट, त्यात वाडीतली पांढरी वांगी. दामूने पाणी घातलं होतं. मग ताराबाय लंगडत उठली आणि आपलं गोणपाट सरकवून तिला जागा केली. हिरूबाय बसली. दोऱ्यांची गाठ मांडीखाली घेतली. तिचं एक वांगं बेबीने उचलून आपल्या पोरीच्या डब्याला ठेवलं आणि हिने हातावर फटका मारला नाही.

तासाभराने पिवळा टेम्पो आला. नवा मुकादम, परका माणूस.

"गारी आयलीऽऽ!"

कुणी उठलं नाही. बेबी वजन करत होती, तिने मानही वर केली नाही. पारू सुट्टे पैसे मोजत होती. हिरूबाय दोरीला हात घालून अर्धी उठलेली, इकडून तिकडे बघतेय. सगळ्यांच्या गळ्यातली कार्डं बघतेय. असा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता. तोंड उघडं, तो अर्धा दात दिसत होता, आणि ती चक्क हसत होती.

मुकादमाने कार्डं बघत बघत येऊन हिच्यापुढे काठी आपटली. "म्हातारे, तुझं कार्ड?" आणि वांग्यांवर पाय ठेवला.

बेबी उठली. पदराच्या टोकाला तिने माप कधी बांधलं ते मला दिसलंही नाही. हात मागे गेला, माप फिरायला लागलं. पुढे काय होणार ते माझ्या शटरला सगळ्यात आधी कळलं असतं. पण हिरूबायने झेप घेतली आणि बेबीच्या कानशिलात अशी सणसणीत वाजवली की बेबी खालीच बसली.

"बस खाली! कारड जाईल तुजा, रांडे! मी कनाला आत गेले?"

मग हिसका मारला. मुकादमाचा पाय गोणपाटावरच होता, तो उताणा पडला. गाठोडं तिच्या डोक्यावर. मी शटर पुरतं वर केलं होतं, "आत ये, आत ये" ओरडत होतो. ती आली नाही. ती आत शिरली असती तर पथक मागोमाग बायकांमधून घुसलं असतं आणि कुणाच्या पाट्या कुणाच्या पायाखाली गेल्या असत्या सांगता येत नाही. ती उलट्या बाजूला, मोठ्या रस्त्याकडे पळाली. ट्रेलर धडधडत जात होते, त्यांच्या कडेने ती अनवाणी, वाकलेल्या पायांनी पळत होती. मुकादम शिव्या देत उठला, टेम्पो वळला आणि तिच्या मागे लागला.

रस्त्याच्या वळणावर गाठोडं दिसेनासं झालं तोवर मी बघत होतो. त्या दिवसानंतर ती गल्लीत बसायला आली नाही, म्हणजे टेम्पोलाही आत यायचं कारण उरलं नाही. त्या सकाळी मी मागे वळलो तेव्हा बेबी लाल झालेला गाल चोळत बसली होती, आणि टॉवरमधली एक बाई तिला विचारत होती, माठ कसा दिला.